काकीचं औषध

उन्हाळा लागला तशी हिरवी वैरण संपली आणि गाई आटायला लागल्या. दर वर्षीचंच ते. पण या वर्षी तात्याच्या घरात गाईंच्या आधी काकी आटली.

काकी म्हणजे तात्याची बायको. तिला काकी म्हणणारा पहिला पुतण्या कधीच गाव सोडून गेला होता, पण त्याची हाक मागं राहिली. आधी शेजारपाजार, मग दूध घेणारी घरं, मग सगळं गावच तिला काकी म्हणू लागलं. पुढं पुढं तात्याच्या तोंडातही तेच बसलं.

"स्वतःच्या बायकोला काकी म्हणणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही," ती म्हणायची. पण हाक मारली की ओ द्यायची.

घरोघर दूध घालायचं काम तात्याचं आणि दूध चोख ठेवायचं काम काकीचं. उन्हाळ्यात दूध कमी पडलं की तात्याचा हात पाण्याच्या तांब्याकडं जायचा. माणूस लबाड नव्हता. पण दारात भांडं घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला 'आज नाही' म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. जरासं पाणी घातलं तर सगळ्यांना पुरतं, कुणी नाराज होत नाही, असं त्याला वाटायचं. काकी किटलीत बोट बुडवून चाटायची आणि तिथंच ओळखायची.

"हे वासराला पाजा," म्हणायची. "लोकांना कमी घाला, पण दूध घाला."

थंडीत तिच्या पोटात दुखायला लागलं. तिनं ते बरेच दिवस अंगावर काढलं. मोठ्या गावच्या दवाखान्यात नेईपर्यंत गाठ चांगलीच वाढली होती. तिथल्या डॉक्टरनं तात्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. घरी न्या. दुखू देऊ नका. एवढंच आता करायचं.

घरी आल्यावर काकीनं आतल्या खोलीत झोपायला साफ नकार दिला. गोठ्याला लागून जी खोली होती, जिथं पेंडीची पोती आणि किटल्या असायच्या, तिथं खाट टाकायला लावली. खोलीला गोठ्याकडं उघडणारी खिडकी होती.

"अगं, शेणाचा वास येईल," तात्या म्हणाला.

"इतकी वर्षं कशाचा येत होता? अत्तराचा?"

मग खाटेवरून तिचा कारभार सुरू झाला. सकाळी तात्या गाईखाली बसला की खिडकीतून आवाज यायचा. "आधी कास धुवा. गार पाण्यानं नको. भुरीला घाई करू नका, ती पान्हा चोरते." तात्या "हो, हो" करत धार काढायचा. आवाजावरूनच ती सांगायची की धार बारीक लागतेय, सड बदला. तात्या पुटपुटायचा, "झोपून सुद्धा सासूपणा जात नाही." आणि खिडकीतून यायचं, "ऐकू येतंय हं मला."

पण दुखणं वाढत चाललं. बोलता बोलता ती थांबायची, खाटेची कड धरायची. तिला कूस बदलायला लावताना तात्याच्या कपाळावर तिच्याइतकाच घाम यायचा. तेव्हा दवाखान्यातली नर्सबाई स्कूटरवरून आली. अंगानं थोराड, आवाजानं मोठी. आल्या आल्या काकीला म्हणाली, "काय काकी, लोळायचं वय झालं का?"

"तू ये शेजारी. जागा आहे."

नर्सबाई हसली. तिनं पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली आणि बिनसुईची पिचकारी काढली. पिचकारीवर पेनानं एक रेघ मारली.

"तात्या, नीट बघा. या रेघेपर्यंत भरायचं आणि गालात सोडायचं. मी सांगितलंय त्या वेळांना, न चुकता. दुखायची वाट बघायची नाही. कमी नाही, जास्त नाही. सुरुवातीला खूप झोपेल. बरेच दिवसांची झोप राहिलीय तिची. घाबरू नका."

तात्या तिला सोडायला फाटकापर्यंत गेला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "बाई, एक विचारू का? यानं माणूस लवकर जातं का?"

"मापानं दिलं तर नाही. तिला आजार नेतोय, तात्या. औषध फक्त दुखणं नेतं."

काकी झोपली. औषध दिल्यावर तिच्या भुवया सुटल्या, हात खाटेच्या कडेवरून खाली आला, आणि ती जी झोपली ती दुपार टळली तरी झोपलेलीच. तात्या दूध घालून आला होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या सुनेला जुळं झालं होतं, ही केवढी तरी मोठी बातमी तो सायकलवरून जपून घेऊन आला होता. खाटेशी येऊन उभा राहिला. बातमी तोंडातच राहिली. संध्याकाळी त्यानं धार काढली, तर खिडकीतून काही आलं नाही. भुरीनं लाथ झाडली, बादली कलंडली, तरी काही आलं नाही. त्याला वाटलं, आता आवाज येईल, 'झोपलात का तिथं?' सांडलेल्या दुधाकडं बघत तो तसाच बसून राहिला.

अंधार पडता पडता तिनं डोळे उघडले. "झाल्या धारा?" एवढं म्हणाली, आणि तो उत्तर देईपर्यंत परत झोपली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तात्यानं शिंप्याच्या जुळ्यांची बातमी शेवटी गाईला सांगितली.

त्याच्या पुढच्या सकाळी त्यानं पिचकारी हातात घेतली. बाटलीत बुडवली. अर्धं भरलं आणि हात थांबला. शेजारी पाण्याचा तांब्या होता. उरलेलं त्यानं तांब्यातून ओढलं. रेघेपर्यंत भरलं. बाईनं सांगितलेलं माप तर बरोबर होतं. जरासं पातळ झालं एवढंच. दुखणंही थोडं कमी होईल आणि ही बोलेलही. दोन्हीकडचं भागेल.

काकीच्या गालात त्यानं ते सोडलं. तिनं तोंड हलवलं, गिळलं, आणि त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटून म्हणाली, "शिंप्याच्या सुनेचं काय झालं? दिवस भरले होते तिचे."

तात्याचा आनंद गगनात मावेना.

ते दिवस त्याला फार चांगले गेले. काकी बोलत होती. सकाळी खिडकीतून सूचना, दुपारी गप्पा. लग्न करून आली तेव्हा तात्याला धार काढता येत नव्हती, हे तिनं परत एकदा उगाळलं.

"तुम्ही गाईखाली बसलात, आणि गाय वळून माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली असेल, हे कुठलं ध्यान आणलंस?"

"तूच आली होतीस माझ्या घरात. मी नव्हतो आलो."

"गाय माझी होती पण. माहेरून आणलेली."

हसताना ती मधेच थांबायची. हसू चेहऱ्यावर तसंच राहायचं आणि खाली हाताची बोटं खाटेच्या कडेवर पांढरी पडायची. तात्या तेव्हा खिडकीबाहेर बघायचा.

"दुखतंय का गं?"

"खाट टोचते."

तो गोधडीची घडी करून खाली सारायचा. दुसऱ्या दिवशी अजून एक घडी.

लेक आली आणि तिनं पहिल्या दुपारीच आईचं दुखणं ओळखलं. ती दोन गावं पलीकडं दिलेली होती, शाळेत स्वयंपाकाचं काम करायची, सुट्टी काढून राहायला आली. आईचं अंग पुसताना तिला दिसलं की आईनं उशीच्या अभ्र्याचा कोपरा चावून चावून फाडलाय.

"तात्या, औषध वेळेवर देताय ना?"

"एक वेळ चुकवली नाही."

ते खरंच होतं. लेकीनं दवाखान्यात फोन केला. नर्सबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. काकीचं पोट बघितलं, डोळे बघितले, चेहरा गंभीर झाला.

"एवढ्या औषधानं फरक पडायला हवा होता. म्हणजे दुखणं पुढं गेलंय. दुप्पट करावं लागेल. डॉक्टरांशी बोलते."

तात्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता. दुप्पट म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. आता बोलायला हवं हेही कळत होतं. पण लेक समोर, नर्सबाई समोर. दारात भांडं घेऊन उभ्या राहिलेल्या बाईसमोर व्हायचं तसंच त्याचं झालं. जीभ रेटेना.

खाटेवरून आवाज आला.

"थांब गं पोरी. दुप्पट करायच्या आधी यांना विचार, पाणी किती घातलंय."

गोठ्यात एका गाईनं शेपटीनं माशी मारली, तेवढाच आवाज.

"पाणी?" नर्सबाई म्हणाली.

तात्यानं खाली बघितलं. "अर्धं," तो म्हणाला.

लेकीच्या हातातला टॉवेल खाली पडला. "तात्या! अहो आई तिथं उशी चावत होती!"

"त्यांना ओरडू नको," काकी म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कडू औषध आणि पाणी घातलेलं कडू औषध, कळत नाही होय मला?"

"मग तू बोलली का नाहीस?" लेक रडायलाच लागली.

काकी थोडा वेळ धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, घेऊ दे यांना चार दिवस. शिंप्याच्या जुळ्यांची बातमी गाईला सांगत होते. झोपेत ऐकलं मी."

तात्या मटकन पोत्यावर बसला. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की चोरी आपण केली. ती उघड्या डोळ्यांनी देत होती, दातांखाली उशी धरून देत होती, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. ओरडली असती तरी परवडलं असतं.

नर्सबाईनं आवाज चढवला नाही. त्याच्या शेजारी दुसऱ्या पोत्यावर बसली. "तात्या, मी आज दुप्पट लिहून गेले असते. उद्या तुम्हाला पश्चात्ताप झाला असता आणि तुम्ही पाणी न घालता दिलं असतं. कळतंय?"

"कळतंय."

"आणि ती झोप कमी झाली असती हो. चार दिवसांत अंग सरावतं. तुम्ही थांबलाच नाहीत."

तात्यानं मान हलवली.

मग काकीनं स्वतःच सगळं ठरवलं, एरवी कुठली गाय कधी फळवायची हे ठरवायची तसं. "हे बघ पोरी, सकाळी धारा होईपर्यंत मला जागं राहायचंय. त्या वेळचं जरा कमी दे. मग दिवसभर पुरतं दे."

"सकाळी दुखेल, काकी."

"तेवढं मी घेईन. ते माझं मी ठरवून घेतलेलं. आणि तुम्ही ऐका." हे तात्याला. "मी बोलेनाशी झाले की मग सकाळ बघायची नाही, संध्याकाळ बघायची नाही. पुरतं द्यायचं. कुणी आडवं आलं तरी द्यायचं. तुमच्या तोंडाकडं बघून नाही, माझ्या तोंडाकडं बघून द्यायचं."

नर्सबाईनं डॉक्टरांना फोन लावला, तसं बसवून घेतलं. नवी रेघ मारली. जाताना पाण्याचा तांब्या उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तात्यासकट सगळे हसले. काकी सगळ्यात जास्त.

त्यानंतर झोप होती आणि जागही होती. सकाळच्या धारेला काकी जागी असायची. बोलणं कमी झालं होतं. कधी नुसतं "हं" यायचं, आणि तात्या त्यावरूनच सड बदलायचा. दुपारी ती झोपायची, कपाळ सपाट. तात्या जवळ बसून वैरणीच्या पेंढ्या सोडायचा. वैरण आता लांबून आणावी लागत होती, खडबडीत आणि वाळकी. गाई तोंड फिरवायच्या.

काकीनंही तोंड फिरवलं. लेक वाटीत पातळ पेज घेऊन बसायची. "एक घोट, आई. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी आयुष्यभर उष्टं खाल्लं. आता पुरे."

लेक चमचा पुढं करायची, पेज हनुवटीवरून ओघळायची, मग दोघी दमायच्या. शेवटी तात्या म्हणाला, "राहू दे गं. भूक असती तर हिनं तुझ्या हातातली वाटी ओढून घेतली असती." लेकीनं वाटी ठेवली, बाहेर जाऊन रडून आली. मग फडकं ओलं करून आईचे ओठ पुसत बसली. काकीनं ओठ फडक्याला लावले, वासरासारखे. त्यानंतर लेक तेवढंच करायची, आणि तेवढ्यात तिला समाधान वाटायला लागलं.

मग मास्तरांचा निरोप आला. मास्तर म्हणजे काकीचे थोरले भाऊ. लांबच्या शाळेत जन्म गेलेला, गुडघ्यांनी जेरीस आलेले. 'उद्या संध्याकाळच्या गाडीनं येतो, तिला सांगा.' लेकीनं आईच्या कानाशी वाकून सांगितलं. काकी म्हणाली, "येईल. उशिरा येईल. कायमच येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा झाल्या आणि खिडकीतून "हं" आलं नाही. तात्या बादली तशीच टाकून आत गेला. काकीचे डोळे अर्धवट उघडे होते, पण नजर त्याच्यावर ठरत नव्हती. त्यानं सकाळचं कमी माप न देता पुरतं माप दिलं. ठरल्याप्रमाणे. दुपारपर्यंत शांत होती. मग पुढच्या औषधाची वेळ जवळ आली तशी ती कण्हायला लागली. शब्द नव्हते, नुसता आवाज, आणि हात चादर चिमटीत धरून ओढत होता. कपाळावर गाठ पडली होती.

तात्यानं बाटली उचलली.

"तात्या, थांबा." लेकीनं त्याचा हात धरला. "मामा संध्याकाळी येतोय. आता दिलं तर ती उठायची नाही. एकदा त्याला बघू दे. एकदा डोळे उघडू दे तिला. तेवढं थांबा ना."

"दुखतंय तिला."

"थोडंच. तासा-दोन तासांचा प्रश्न आहे. मामा एवढ्या लांबून येतोय, तो काय म्हणेल?"

तात्यानं काकीच्या तोंडाकडं बघितलं. खरं तर लेकीच्या तोंडातून त्याचंच मन बोलत होतं. त्यालाही ती एकदा डोळे उघडायला हवी होती. मास्तरांसाठी नव्हे, स्वतःसाठी. जुळी आता बाळसं धरत होती, हे सांगायचं राहिलं होतं. थोडंच थांबायचं होतं. थोडंच दुखलं असतं.

"मी एकदा हात आखडला होता, पोरी," तो म्हणाला. "तिच्या जिवावर."

लेकीनं हात सोडला.

त्यानं पिचकारी रेघेपर्यंत भरली. दोन्ही हातांनी धरली. लेक क्षणभर तशीच उभी राहिली, मग उशाशी बसली आणि तिनंच आईचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. औषध गालात गेलं. ते दोघं बघत बसले. आधी चादरीवरचा हात थांबला. मग कण्हणं लहान होत होत श्वासात मिसळलं. कपाळावरची गाठ सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती सुटली तेव्हा लेकीनं तिथं तळवा ठेवला आणि उचललाच नाही.

मास्तर आले ते काठी टेकत, धुळीनं भरलेले. पिशवी दारातच टाकून खाटेशी गेले. हाक मारली. लहानपणची, घरातली हाक. काकीनं डोळे उघडले नाहीत.

"कधीपासून अशी?"

"मी दुपारी औषध दिलं," तात्या म्हणाला.

"मी येतोय हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग एवढी काय घाई होती, तात्या? माझी बहीण आहे ती. एक शब्द बोलली असती माझ्याशी."

"तिला दुखत होतं, मास्तर."

मास्तरांनी तोंड फिरवलं. तात्या गोठ्यात गेला. धारांची वेळ झाली होती. तो भुरीखाली बसला, आणि खिडकीतून त्याला मास्तरांचा आवाज येत राहिला. कुठल्या तरी विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट. आईच्या हातच्या माराची गोष्ट. मधे मधे ते थांबायचे, जणू तिला बोलायला जागा देताहेत, आणि मग स्वतःच पुढं बोलायचे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर काकी गेली. श्वास लांब लांब होत गेला, आणि एका श्वासानंतर सगळे पुढच्याची वाट बघत राहिले. लेक, मास्तर, तात्या, तिघंही खाटेभोवती होते. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

लोक आले, गेले. सगळं उरकलं. आणि संध्याकाळी गाई हंबरायला लागल्या, कारण कास भरली होती आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तात्या बादली घेऊन उठला. कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवस राहू दे, दुसऱ्याला बोलवू." तो थांबला नाही.

धारा संपत आल्या तेव्हा मास्तर काठी टेकत गोठ्याच्या दारात आले.

"तात्या, एक विचारायचं होतं. काल मी बोलत होतो ते तिला ऐकू येत असेल का?"

तात्याला 'हो' म्हणता आलं असतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही मागणंच नव्हतं. जीभ तिकडंच वळत होती.

"ते मला ठाऊक नाही, मास्तर," तो म्हणाला. "दुखत नव्हतं. तेवढं ठाऊक आहे."

मास्तर खांबाला टेकले. "लहानपणी झोपेचं सोंग घ्यायची. आमचं सगळं ऐकायची आणि सकाळी आईकडं चुगल्या."

"इथंही तेच. किती वेळा पकडलंय तिनं मला."

"मग कदाचित..."

"नाही. काल सोंग नव्हतं." तात्यानं बादली बाजूला घेतली. "काल खरंच झोपली होती. पुरतं दिलं होतं मी."

मास्तरांनी मान खाली घातली. काठीनं जमिनीवरचं एक वाळकं पान सरकवलं, परत सरकवलं. "तिला दुखताना मी कधी बघितलंच नाही," शेवटी म्हणाले. "मी आलो तेव्हा ती स्वस्थ झोपली होती." आणि थोड्या वेळानं, "बरं केलंत."

मास्तरांनी काठी खांबाला लावून ठेवली, वाकले, आणि गुडघे कुरकुरत असताना बादलीची कडी धरली.

"कुठं ओतायचं हे?"

"त्या किटलीत. आधी फडकं बांधा तोंडाला, गाळून घ्यावं लागतं."

"असं?"

"तसं नाही. सैल. हो. आता ओता, हळू."